पुढची रिकामी जागा

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, पण माझ्यात कुणी कपडे ठेवत नाही की दागिने ठेवत नाही. मित्रांनो, मला समोरून तीन दारे आहेत. ती उघडली की चौकट दिसते आणि चौकटीत एक रंगीत चित्र दिसते. त्या चित्रामागे दुसरे चित्र असते, दुसऱ्यामागे तिसरे. गोष्ट सांगणारा माणूस माझ्या बाजूला उभा राहतो आणि माझ्या कडेच्या फटीतून एकेक चित्र ओढून काढतो. आमच्या नागासाकीत मला कामिशिबाईची पेटी म्हणतात. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक.

मला घडवले ते घरगुती देव्हारे करणाऱ्या एका सुताराने. देवदाराच्या लाकडाचे तुकडे उरले होते, त्यांतून त्याने मला जोडले. माझी दारे देव्हाऱ्यासारखी उघडतात ती त्यामुळेच. मला विकत घ्यायला कुमाकिची नावाचा एक किडकिडीत माणूस आला. त्याने दारे उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली.

"देव कुठे बसवणार यात?" सुताराने चेष्टेने विचारले.

"देवाला गिऱ्हाईक नाही," कुमाकिची म्हणाला. "मी कोल्हा बसवतो."

त्याने मला सायकलच्या मागे बांधले आणि माझ्याखाली खाऊचा खण ठेवला. उराकामीच्या खोऱ्यात एक कोपरा होता. एका बाजूला विजेचा खांब, समोर मातीचे मोकळे अंगण आणि मधून जाणारे अरुंद गटार. तिथे कुमाकिची सायकल उभी करायचा आणि दोन लाकडी टिपऱ्या एकमेकींवर आपटायचा. टिपऱ्यांचा आवाज ऐकला की गल्ल्यांतून मुले धावत यायची.

कुमाकिचीचा धंदा गोष्टीचा नव्हता, खाऊचा होता. काडीला गुंडाळलेला चिकट पाक तो विकायचा. ज्याने पाक घेतला त्याने गटाराच्या अलीकडे, माझ्यासमोर मातीत बसायचे. ज्याने घेतला नाही त्याने गटाराच्या पलीकडे उभे राहायचे. गावोगावचे कामिशिबाईवाले हाच नियम पाळत. पलीकडच्यांना मुले 'फुकटे' म्हणत.

"काका, कालच्या पाकात पाणी जास्त होतं," पुढे बसलेली तोमी कुरकुरायची.

"तुझ्या नाकातलं पडलं असेल. सरक, सेइजीला बसू दे."

"सेइजी दोन जागा अडवतो, काका. त्याला दोन काड्या घ्यायला लावा."

फुकट्यांमध्ये मासुए नावाची एक मुलगी होती. तिचे वडील बंदरावर हमाली करत आणि घरात खाणारी तोंडे फार होती. ती रोज यायची आणि विजेच्या खांबाला पाठ लावून उभी राहायची. कुमाकिचीने तिला कधी पुढे बोलावले नाही, कारण एकीला बोलावले असते तर पाक कुणीच घेतला नसता. पण गोष्ट सुरू करण्याआधी तो माझ्या पुढच्या बाजूखाली लाकडाची एक पाचर सरकवायचा. त्यामुळे माझे तोंड किंचित वर व्हायचे आणि गटारापलीकडच्यांनाही चित्र दिसायचे. हे मुलांना ठाऊक नव्हते. मला होते, कारण वजन माझ्यावर यायचे.

पुढे युद्ध वाढले. आधी साखर गेली, मग पाक गेला, मग कुमाकिची भाजलेले सोयाबीनचे दाणे देऊ लागला. चित्रेही बदलली. कोल्हा गेला आणि सरकारी चित्रे आली. आग लागली तर वाळूची बादली कशी टाकावी, विमान आले तर डोळे कसे मिटावेत. मी तीही दाखवली. पेटीला निवड नसते.

मग कुमाकिचीला दुसऱ्या एका बंदरावर कामाला धाडण्यात आले. जाताना त्याने मला डोंगराच्या पलीकडे, निशियामात, आपल्या बहिणीच्या कोठीत ठेवले.

ऑगस्टच्या त्या दिवसाबद्दल मी जेवढे पाहिले तेवढेच सांगते. कोठीच्या दाराखालच्या फटीतून उजेड आत आला. तो कोणत्याही दिवसाचा उजेड नव्हता. नंतर छपराची कौले खाली आली आणि माझ्या डाव्या दाराला उभी चीर पडली. मधे डोंगर होता म्हणून निशियामा वाचले. उराकामीला डोंगराचा आडोसा नव्हता. तिकडे काय झाले ते मी पाहिलेले नाही. ते मी पुढे मासुएच्या तोंडून ऐकले, इतक्या वेळा ऐकले की आता मला ते पाठ आहे.

मासुए त्या सकाळी निशियामात होती. तिच्या आईने तिला मावशीकडे भोपळे आणायला पाठवले होते. दोन दिवसांनी मावशीचा हात धरून ती खोऱ्यात परत गेली, तेव्हा घर कुठे होते हेही तिला सांगता येईना. विजेचा खांब अर्धा जळून उभा होता. त्यावरून तिने अंगण ओळखले.

वसंत ऋतू आला आणि कुमाकिची परतला. त्याने मला कोठीतून काढले, चीर पडलेल्या दाराला आतून पट्टी ठोकली आणि रताळ्याचा काळपट पाक शिजवला. उराकामीत तेव्हा पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहत होत्या. जुन्या कोपऱ्यावर त्याने सायकल लावली आणि टिपऱ्या वाजवल्या. कुणी आले नाही. त्याने पुन्हा वाजवल्या. बराच वेळ गेल्यावर एक मुलगी आली आणि गटारापलीकडे उभी राहिली.

"मासुए ना तू?" कुमाकिचीने विचारले. "ये, पुढे ये."

"माझ्याकडे पैसे नाहीत, काका."

"कोण मागतंय पैसे? पुढे कुणीच नाहीये, पोरी. बस की."

"जागा त्यांची आहे," मासुए म्हणाली.

कुमाकिचीने माझ्याखाली पाचर सरकवली. त्याच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, कोल्ह्याची. ती त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, पुढच्या मोकळ्या मातीला आणि गटारापलीकडच्या एका मुलीला. कोल्हा फजीत होतो त्या चित्राला मुले नेहमी हसत. तिथे तो सवयीने थांबला. मीही थांबले. मग त्याने पुढचे चित्र ओढले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्यानंतर गर्दीचे दिवसही आले. नवी मुले जन्मली, पाक पुन्हा पांढरा झाला. पण घराघरांत टीव्ही आला आणि टिपऱ्यांचा आवाज ऐकून कुणी उठेनासे झाले. कुमाकिची एका थंडीत छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या बहिणीने मला कुणाला तरी देऊन टाकायचे ठरवले. मागायला एकटी मासुए आली.

मासुए तेव्हा मासळीच्या वड्या करणाऱ्या कारखान्यात काम करत होती. मी तिच्या खोलीत कपाटावर बसले. पुढे तिने माझ्यात सुक्या मासळीच्या पिशव्या ठेवायला सुरुवात केली. तिला दोष देत नाही, खोली लहान होती. एकदा तिच्यासाठी स्थळ आले. मध्यस्थ बाईने चहा पिताना सहज विचारले, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मासुए म्हणाली, "निशियामा." बाई हसून गेल्या. त्यांनी कुठे तरी चौकशी केली असावी, कारण त्या पुन्हा आल्या नाहीत. उराकामीच्या मुलींना मुले नीट होत नाहीत असे तेव्हा लोक बोलत. मासुएने मग ना लग्नाचा विषय काढला, ना उराकामीचा. कारखान्यातल्या बायकांनाही ठाऊक नव्हते. ती संध्याकाळी यायची, भात आणि मिसो सूप करायची, रेडिओ लावायची आणि बंद करायची. माझ्या लाकडात मासळीचा वास बसला तो आजवर गेलेला नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एक दिवस तिने मला खाली उतरवले, सोड्याच्या पाण्याने पुसले आणि उन्हात ठेवले. मग तिने चित्रे काढायला घेतली. तिला चित्रकला येत नव्हती. माणसांचे हात तिला नीट जमत नसत, म्हणून तिने बहुतेकांचे हात पाठीमागे दाखवले. विजेचा खांब, अंगण, भोपळे, डोंगर, उजेड आणि जळलेला खांब. सुरुवातीच्या प्रत्येक चित्रात पुढे बसलेली मुले होती, शेवटच्या काही चित्रांत नव्हती.

स्फोट जिथे डोक्यावर झाला तिथे आता बाग आहे आणि काळ्या दगडाचा उंच खांब आहे. देशभरातून शाळांच्या सहली येतात. त्या बागेत, कापराच्या एका झाडाखाली, मासुए मला घडीच्या टेबलावर ठेवू लागली. गोष्ट सुरू करण्याआधी ती खडूने जमिनीवर एक लांब रेघ ओढायची. मुलांनी रेघेपलीकडे उभे राहायचे. रेघ आणि मी, यांच्यामधली जमीन मोकळी.

शिक्षकांना हे पटत नसे.

"आजी, मुलं पुढे येऊन बसली तर बरं होईल. दमलीत बिचारी."

"पुढे जागा नाही."

"अहो, सगळी रिकामीच तर आहे."

"तुम्हाला तसं दिसतं," मासुए म्हणायची आणि टिपऱ्या हातात घ्यायची.

तरीही माझे कौतुक झाले. वर्तमानपत्रवाले आले आणि आमचा फोटो घेऊन गेले. फोटोत मी होते, मासुए होती. पुढची मोकळी जमीन त्यांनी कापून टाकली होती. मासुएने तो अंक रद्दीत घातला.

वर्षे गेली आणि मासुएच्या गळ्याला दुखणे झाले. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज मात्र निम्मा उरला आणि उरलेला महिन्यामहिन्याने कमी होऊ लागला. रेघेपलीकडची मुले आधी कान देत, मग चुळबुळत, मग आपसात बोलू लागत. मी पाहत होते. चित्रे तीच होती, मागे घासलेल्या काचेसारखा आवाज होता आणि तो अर्ध्या वाटेत वाऱ्यावर जात होता.

त्या शरद ऋतूत सानाए आली. खरे तर ती कित्येक वर्षे येत होती. ती सहलीच्या बसवरची मार्गदर्शक. डोक्यावर टोपी, हातात छोटा झेंडा. मुले आमच्याकडे सोपवून ती झाडांमागे जाऊन पाय मोकळे करायची. त्या दिवशी मुले गडबड करू लागली म्हणून त्यांना गप्प करायला ती पुढे आली आणि शेवटपर्यंत रेघेवर उभी राहिली. मुले गेल्यावर ती मासुएजवळ आली.

"आजी, शेवटचं मला काही ऐकू आलं नाही."

"मलाही नाही आलं," मासुए म्हणाली.

सानाए हसावे की नाही या विचारात पडली. मग पळत बसकडे गेली, ध्वनिवर्धक घेऊन आली आणि त्याचा कर्ण्याचा डबा तिने झाडापलीकडे ठेवला. मासुएने तो तोंडाशी धरला. श्वास, घशातली खरखर, आवंढा, सगळे मोठे होऊन झाडापलीकडच्या डब्यातून बाहेर पडले.

"हे कोण बोलतंय माझ्या पाठीमागून?" मासुएने तो परत केला. "नको गं बाई."

"मग मी बोलू का तुमच्या वतीनं? तुम्ही चित्रं ओढा. मला पाठ करायची सवय आहे."

"बोलून दाखव."

सानाएने घसा साफ केला आणि खांबाच्या चित्राकडे हात केला. तिचा आवाज गोड होता, शब्द जिथल्या तिथे पडत होते. मासुएने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"छान बोलतेस. फारच छान. ऐकणाऱ्याला वाटेल, आता पुढे जेवणाची सोय आहे."

सानाएला राग आला नाही. तिने झेंडा गुंडाळला. "मग मुलांना जवळ घ्या. एवढी जागा मोकळी सोडता कशाला?"

तेव्हा मासुएने तिला गटाराचा नियम सांगितला. कोण कुठे बसायचे तेही सांगितले. डावीकडे तोमी, तिच्या शेजारी दोन जागा अडवणारा सेइजी, मधे किनुयो आणि तिच्या मांडीवर तिचा भाऊ. सांगताना ती बोटाने जमीन दाखवत होती आणि सानाए त्या बोटाबरोबर पाहत होती.

"इतकी वर्षं तुम्ही त्यांना सांगताय," सानाए हळू आवाजात म्हणाली.

"त्यांच्या जागी कुणाला बसवू?"

"आजी, राग मानू नका. पुढच्यांना तुमची गोष्ट ठाऊक आहे. ती त्यांचीच आहे. ठाऊक नाही ती मागच्यांना."

मासुएने माझी दारे बंद केली. मला कापडात बांधले आणि सानाएला निरोपही न देता ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. घरी तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. दिवसांमागून दिवस गेले. ती बागेत गेली नाही. दोनदा फोन वाजला, बहुधा बागेतल्या लोकांचा, तिने उचलला नाही. मला वाटले, आता पुन्हा मासळी येणार.

मित्रांनो, एकटेपण मी पुष्कळ पाहिले आहे. कोठीतले पाहिले, कपाटावरचे पाहिले. पण माझ्यात सगळी चित्रे नीट लावलेली होती, सांगणारी हातभर अंतरावर उशीला टेकून बसली होती, आणि गोष्ट सांगितली जात नव्हती, ते दिवस सर्वांत जड गेले. मासुएपुढे दोनच वाटा होत्या. मेलेल्यांच्या जागेवर दुसऱ्यांना बसू द्यायचे, नाही तर गप्प व्हायचे. पहिलीत तिला त्यांना दुसऱ्यांदा उठवल्यासारखे वाटत होते. दुसरीत त्यांची नावे तिच्याबरोबर संपणार होती.

नोव्हेंबरात एका सकाळी तिने कापड काढले. बागेत डोंगराळ भागातल्या एका शाळेची सहावीची मुले आली होती. शांततेची खूण म्हणून कागदी क्रौंच पक्ष्यांच्या माळा त्यांनी खांबाशी वाहिल्या होत्या. बस दुसऱ्याच कुणाची होती, पण सानाएची सुट्टी असावी, ती साध्या कपड्यांत झाडाशी उभी होती. मासुएने तिच्याकडे पाहिले, मान हलवली नाही आणि खडूची रेघ ओढली. मुले रेघेवर उभी राहिली. टिपऱ्या वाजल्या.

पहिली काही चित्रे ठीक गेली. भोपळ्यांच्या चित्राशी आवाज फाटला. डोंगराच्या चित्राशी तो नुसता श्वास उरला. मुलांनी माना लांब केल्या. मागून कुणी तरी म्हणाले, "ऐकू येत नाही." सानाए एक पाऊल पुढे आली. मासुएने तिला हाताने थांबवले.

मग तिने समोरच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिले. मी तिच्या शेजारीच होते, तिचा हात माझ्या कडेवर होता. ती कुणाशी तरी बोलत होती, ओठ हलत होते. मलाही ऐकू आले नाही. मग तिने तोच हात उचलून मुलांना जवळ बोलावले.

मुले घुटमळली. रेघ ओलांडायची नाही असे त्यांना नुकतेच बजावले होते. अखेर चष्मेवाली एक मुलगी पुढे आली आणि माझ्यासमोर बसू लागली.

"तिथे नको," मासुए कुजबुजली. आता मुलगी एवढ्या जवळ होती की तिला ते ऐकू गेले. "तिथे तोमी बसते. तू तिच्या शेजारी बस."

मुलीने जमिनीकडे पाहिले. वीतभर सरकली. "इथे?"

"अजून थोडी. सेइजीला जागा जास्त लागते."

मुलगी आणखी सरकली. तिच्यामागून दुसरा मुलगा आला, त्याने आपणहून विचारले, "मी कुठे बसू, आजी?" मग तिसरी. मासुए एकेकाला जागा दाखवत गेली. ही किनुयोची. इथे पाय पसरू नका, तिचा भाऊ लहान आहे. शाळेचा अख्खा वर्ग माझ्यासमोर बसला, सलग नव्हे, मधे मधे मोकळ्या जागा ठेवून. एका मुलाने आपले दप्तर मोकळ्या जागेवर टेकवले होते, ते त्याने उचलून मांडीवर घेतले. त्यांच्या शिक्षिका उभ्या होत्या. त्यांनी पाहिले आणि त्याही कडेला बसल्या.

आणि मासुएने डोंगराचे चित्र पुन्हा आत घातले, पुन्हा ओढले, आणि कुजबुजत्या आवाजात उरलेली गोष्ट सांगितली. खोकण्याशिवाय कुणी आवाज केला नाही. उजेडाचे चित्र आले तेव्हा चष्मेवाल्या मुलीने आपल्या डावीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिले.

मासुए त्यानंतर थोडेच दिवस बागेत येऊ शकली. गेल्या थंडीत ती वारली. तिच्यामागे घरचे कुणी नव्हते, म्हणून मला बागेजवळच्या सभागृहाच्या कोठारात ठेवले आहे. एका बाजूला मोडका पंखा आहे, दुसऱ्या बाजूला तंबूच्या गुंडाळ्या आहेत. सुट्टीच्या दिवशी सानाए येते आणि मला झाडाखाली नेते. ती आता हळू बोलते. मधेच अडखळते आणि ते झाकत नाही. मुलांना बसवायला तिला बराच वेळ लागतो, कारण ती प्रत्येकाला शेजारच्याचे नाव सांगते. बाकीचे दिवस मी दारे मिटून अंधारात असते आणि मला मासळीचा वास येतो.

मला काचेच्या कपाटात ठेवावे असे काहींचे म्हणणे आहे. तसे करू नका. चीर पडलेले दार मी सांभाळीन, तुम्ही फक्त चित्रे ओढत राहा. आणि मित्रांनो, तुम्ही कुठे तरी सहलीला जाल, एखाद्या दगडी खांबाशी एखादी म्हातारी बाई किंवा म्हातारा माणूस काही सांगत असेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही. तेव्हा त्यांना मोठ्याने बोलायला सांगू नका. त्यांच्याजवळ जा. कुठे बसू, असे विचारा, आणि ते सांगतील तिथेच बसा.